विमान देखभालीचा व्यवसाय आणि पहिली हत्यारपेटी

सांताक्रूझ स्थानकावर पूर्वेकडे उतरून वाकोल्याच्या बाजारातून चालू लागले की, दर काही मिनिटांनी बोलणे थांबवावे लागते. विमानतळावरून उडणाऱ्या विमानाचा गडगडाट ओसरला की, दुकानदार अर्धवट राहिलेले वाक्य पुन्हा सुरू करतो. विमानतळाच्या दक्षिणेकडील या वस्तीला आणि तिला लागून असलेल्या कलिन्याला विमानांचा शेजार अनेक दशकांचा आहे. कलिना येथील जुन्या विमानतळाच्या आवारात एअर इंडियाच्या विमानांची देखभाल होत आली. १९७१ साली पहिले जंबो विमान आल्यानंतर तर तेथील कामाचा व्याप कितीतरी वाढला. या परिसरातील एका संपूर्ण पिढीने पाळीच्या भोंग्यावर आपले दिवस मोजले, आणि त्या पिढीतील अनेक निवृत्त कारागीर आजही येथेच राहतात.

गेल्या वर्षी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचे सदस्य प्रस्तुत लेखकाच्या कार्यालयात आले. त्यांच्या पुतण्याला विमान देखभाल अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमास प्रवेश मिळाला होता. फी कशीबशी भरली गेली होती. परंतु कोणा विक्रेत्याने मुलाच्या हाती हत्यारांची एक लांबलचक यादी दिली होती. पेटी परदेशी, नग दीडशेहून अधिक आणि किंमत जवळजवळ वर्षाच्या फीएवढी. मुलाच्या वडिलांची आंब्याची लहानशी बाग आहे. येत्या हंगामावर दलालाकडून उचल घेऊन ही पेटी विकत घ्यावी काय, असा त्यांचा प्रश्न होता. माहिती खात्यातील कला शाखेच्या पदवीधराला याचे उत्तर ठाऊक असण्याचे कारण नव्हते. म्हणून काका-पुतण्यास घेऊन मी वाकोल्यातील एका ज्येष्ठ कारागिराकडे गेलो. १९७४ साली शिकाऊ उमेदवार म्हणून कामास लागलेले आणि अडतीस वर्षे विमानांच्या पोटाखाली घालविलेले हे गृहस्थ. त्यांनी यादी शेवटपर्यंत शांतपणे वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दादा, ही पेटी दुकान मांडायला ठीक आहे. पोराला शिकायला नको. उचल घेऊ नका."

असा प्रश्न घेऊन येणारे हे एकच कुटुंब नसावे. गावातील शिक्षक, ग्रामसेवक वा पंचायत सदस्य यांच्याकडे पालक सल्ला मागतात, तेव्हा त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून त्या दिवशी आणि त्यानंतर मिळालेली माहिती येथे देत आहे.

हत्यार कोणाचे?

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये विमान दुरुस्ती करणारा कारागीर पुष्कळदा स्वतःची पेटी घेऊन कामावर जातो; त्याच्या उमेदवारीची वर्षे पेटी भरण्यात जातात. परदेशी पुस्तके वाचून आपल्याकडील विद्यार्थ्यांचा असा समज होतो की, पेटीवाचून नोकरी नाही. आपल्याकडील मोठ्या विमान कंपन्यांत आणि देखभाल संस्थांत मात्र बहुतेक हत्यारे संस्थेची असतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ज्या नियमावलीखाली देखभाल संस्थेस मान्यता मिळते, तिला कार-१४५ असे म्हणतात. आवश्यक हत्यारे उपलब्ध ठेवणे, त्यांवर नियंत्रण ठेवणे आणि मोजमापाची साधने ठरावीक मुदतीने तपासून घेणे ही त्या नियमावलीनुसार संस्थेची जबाबदारी आहे. कारागिराने घरून आणलेले हत्यार वापरावयाचे असले तरी ते संस्थेच्या नोंदीत आले पाहिजे. तेव्हा नोकरी लागल्यावर कामी येईल म्हणून आज कर्ज काढून मोठी पेटी घेणे व्यर्थ होय. शक्यता अशी की, ती हँगरच्या दाराबाहेरच राहील.

येथे आणखी एक भेद लक्षात ठेवावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर किंवा तत्सम व्यवसाय शिकलेला तरुण तंत्रज्ञ म्हणून किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतनावर या क्षेत्रात येऊ शकतो. परंतु दुरुस्तीनंतर विमान सेवेत देण्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार परवानाधारक अभियंत्यालाच असतो. हा परवाना कार-६६ या नियमावलीप्रमाणे परीक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव या दोहोंनंतर मिळतो. विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांच्यासाठी बी-१ आणि विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी बी-२ हे त्याचे दोन प्रमुख वर्ग. या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्याने बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय घेतलेले असावेत. परीक्षेचा सहावा भाग साहित्य व जोडसामग्री यांविषयी, तर सातवा देखभालीच्या पद्धतींविषयी आहे. विद्यार्थ्याला स्वतःच्या काही हत्यारांची खरी गरज लागते ती या दोन भागांसाठी, म्हणजे हात तयार करण्यासाठी.

सुताचा हिशेब

विक्रेत्याच्या यादीतील पाने मिलिमीटरचे होते. ज्येष्ठ कारागिरांनी सर्वप्रथम बोट ठेवले ते त्यावर.

मोटारसायकल, पाण्याचा पंप, ट्रॅक्टर यांमुळे आज खेड्यातील मुलाला दहा-अकरा, बारा-तेरा हे पाने पाठ असतात. विमानाचे जग पुष्कळ अंशी इंचाचे राहिले आहे. बोईंग विमाने अमेरिकन असल्याने तेथे इंच असणे स्वाभाविक. परंतु एअरबस विमानांचा आराखडा मेट्रिक असूनही त्यांतील पुष्कळ बोल्ट इंच मापाचेच असतात. गंमत अशी की, आपल्या जुन्या गवंड्यांना आणि सुतारांना हे माप परके नाही. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. विमानातील ३/१६ इंच जाडीच्या सर्वसाधारण बोल्टच्या डोक्याला ३/८ इंचाचा, म्हणजे तीन सुती पाना लागतो. पाव इंची बोल्टला ७/१६ चा, म्हणजे साडेतीन सुती. ५/१६ च्या बोल्टला अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुती. आणि ३/८ च्या बोल्टला ९/१६ चा, म्हणजे साडेचार सुती. पुतण्याला हे कोष्टक पाठ करण्यास दोन मिनिटेही लागली नाहीत, कारण त्याचे आजोबा सुतारकाम करीत.

पण मिलिमीटरचा पाना चालवून घेतला तर बिघडते कोठे? अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेरा नंबरचा पाना त्यावर सहज बसतो आणि बोल्ट फिरतोही. फरक अवघा ०.३ मिलिमीटरचा. परंतु जोर लावला की पाना बोल्टच्या सपाट बाजूंवर न टेकता कोपऱ्यांवर टेकतो आणि कोपरे झिजतात. एकदोनदा असे झाले की योग्य पानाही त्यावर धरत नाही. मग तो बोल्ट काढण्यासाठी ड्रिल लावावे लागते आणि शेजारच्या ॲल्युमिनियमच्या भागास इजा होते. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, अकरा नंबर त्यावर बसतच नाही, म्हणून लोक बारा नंबर लावतात, हे त्याहून वाईट. ३/४ इंच आणि १९ मिलिमीटर यांत मात्र अवघ्या ०.०५ मिलिमीटरचे अंतर आहे. असे एखादे माप जुळते म्हणून सगळी जुळतील, हा भ्रम तेथूनच सुरू होतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते पस मॉथ विमान ब्रिटिश बनावटीचे होते. त्या काळच्या ब्रिटिश यंत्रांसाठी व्हिटवर्थ पद्धतीचे पाने लागत. त्या पान्यांवरील आकडा पान्याच्या तोंडाची रुंदी सांगत नसे, बोल्टची जाडी सांगत असे. पाव इंच असे कोरलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून किंचित मोठे असते. मुंबईच्या चोरबाजारात अजूनही असे पाने मिळतात. दिसायला भक्कम, किमतीला स्वस्त. पण नवशिक्याने ते घेऊ नयेत. याउलट नाशिकजवळ ओझर येथे १९६४ पासून उभ्या राहिलेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग आणि पुढे सुखोई ही रशियन आराखड्याची विमाने तयार झाली. तेथे मिलिमीटरचे राज्य. म्हणजे ओझरला उमेदवारी करणाऱ्याची पेटी आणि कलिना किंवा नागपूर येथे प्रवासी विमानांवर काम करणाऱ्याची पेटी एकसारखी असणार नाही. कोणत्या विमानावर शिकावयाचे आहे, हे विचारल्याशिवाय पाना विकत घेऊ नये. विक्रेत्याने हा प्रश्न मुलाला विचारलाच नव्हता.

एकतीस नग

त्यानंतर आमच्या यजमानांनी जुन्या कॅलेंडरच्या मागील कोऱ्या बाजूवर स्वतःची यादी लिहिली. एका टोकाला उघडे तोंड आणि दुसऱ्या टोकाला रिंग असलेले जोडपाने पाव इंचापासून पाऊण इंचापर्यंत नऊ. पाव इंची चौकोनाचे एक रॅचेट, त्याची एक लांबणी आणि ३/१६ पासून अर्ध्या इंचापर्यंतच्या सात गोट्या. पेचकस चार, दोन सपाट आणि दोन फिलिप्स. फिलिप्सच्या बाबतीत त्यांनी मुद्दाम सांगितले की, बाजारात पॉझिड्राइव्ह नावाचा त्याच्यासारखाच दिसणारा चौफुलीचा पेचकस मिळतो. तो विमानाच्या झाकणपट्ट्यांच्या स्क्रूत घातला तर खाच खराब होते. पकडी तीन : लांब नाकाची, चपट्या चोचीची आणि तार कापण्याची. नायलॉन तोंडाची एक हातोडी. सहा इंची पोलादी पट्टी, फिलर गेज आणि व्हर्नियर प्रत्येकी एक. दांड्यावरचा लहान आरसा आणि एक विजेरी. एकूण एकतीस नग. संरक्षक चष्मा आणि कानात घालावयाची बोंडे त्यांनी हत्यारांत मोजली नाहीत; ती अंगावरच्या कपड्यांसारखी, न विचारता घ्यावयाची, असे ते म्हणाले. त्यांना स्वतःला आता डाव्या कानाने कमी ऐकू येते.

यांपैकी बहुतेक वस्तू मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. चांगली हातहत्यारे आपल्या देशातच बनतात. नाशिकच्या सातपूर वसाहतीतील आणि पंजाबात जालंधर येथील कारखान्यांचा माल सर्वत्र जातो. सुरुवातीस परदेशी शिक्क्याची आवश्यकता नाही. पाना निवडताना नवा, कोरा बोल्ट खिशात न्यावा, पाना त्यावर चढवून हलवून पाहावा आणि खडखडला तर परत ठेवावा. वरचा चकचकीत मुलामा पोपडे धरत असेल तर ते हत्यार स्वस्तातही घेऊ नये, कारण गळालेला पोपडा इंजिनात किंवा विद्युत जोडणीत जाऊन बसतो. जुने हत्यार घ्यावयाचेच असेल तर पान्याचे तोंड फाकलेले नाही ना आणि पेचकसाचे टोक कानशीने घासलेले नाही ना, एवढे पाहावे.

टॉर्क रेंच, रिव्हेटची बंदूक, तारांची टोके दाबून बसविण्याची पक्कड या वस्तू विक्रेत्याच्या यादीत ठळक होत्या आणि किमतीचा मोठा भाग त्यांचाच होता. यजमानांनी त्या सरळ खोडल्या. टॉर्क रेंच हे हत्यार दिसत असले तरी ते मापाचे साधन आहे. बोल्ट किती जोराने आवळला हे ते सांगते. आणि दुकानदाराचा तराजू जसा वेळोवेळी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, तसेच ते ठरावीक मुदतीत तपासून घ्यावे लागते. तपासणीची चिठ्ठी नसलेल्या टॉर्क रेंचने आवळलेला बोल्ट हा नियमाच्या दृष्टीने न आवळलेलाच. विद्यार्थ्याने ते संस्थेच्या प्रयोगशाळेत वापरून शिकावे. बोल्ट सैल करण्यास ते वापरू नये आणि काम संपल्यावर त्याचा आकडा सर्वांत खाली आणून ठेवावे, या दोन सवयी तेथेच लागतात.

लॉकवायर पिळण्याची खास पक्कडही पहिल्या वर्षी घेऊ नये, असे त्यांचे मत पडले. याबाबत काही शिक्षकांचे मत निराळे आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. बोल्ट हादऱ्याने सैल होऊ नये म्हणून त्याच्या डोक्यातील छिद्रातून बारीक तार ओवून, तिला पीळ देऊन ती शेजारच्या बोल्टला बांधतात. एक बोल्ट सुटू पाहील तर तार दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेने ओढील, अशी तिची दिशा असते. इंचाला सहा ते आठ पीळ बसावे लागतात. पक्कड हे काम झटक्यात करते. यजमानांचे म्हणणे असे की, आधी शंभर जोड हाताने पिळावेत म्हणजे तार कोठे तुटते हे बोटांना कळते. मला हे पटले; पण मी पक्कड कधी हाती धरलेली नाही.

विमानाच्या कामात काही साध्या वस्तू निषिद्ध आहेत, हेही ग्रामीण विद्यार्थ्याला कोणीतरी सांगितले पाहिजे. ॲल्युमिनियमवर पोलादी ब्रश घासू नये. पोलादाचे कण त्यात रुततात आणि तेथून गंज सुरू होतो. त्यावर शिसपेन्सिलीने खूण करू नये, कारण पेन्सिलीतील ग्रॅफाइटही तेच करते. कॅडमियमचा मुलामा असलेले हत्यार टायटॅनियमच्या भागाला लावू नये. साधी विजेरी इंधनाच्या टाकीत नेऊ नये. तेथे ठिणगीपासून सुरक्षित अशी मान्यताप्राप्त विजेरीच लागते.

मोजून घेणे, मोजून ठेवणे

एवढे झाल्यावर त्यांनी कपाटातून स्वतःची जुनी पेटी काढली. प्रत्येक पान्यावर तीन अक्षरी खूण कोरलेली होती आणि झाकणाच्या आतील बाजूस यादी चिकटविलेली होती. हत्यारखान्यातून वस्तू घेताना पितळी बिल्ला खुंटीला लावावयाचा, परत करताना काढावयाचा. खुंटीवर बिल्ला राहिला तर पाळी संपत नसे. आता हत्याराच्या आकाराची खाच कापलेले फोमचे खण आणि संगणकावरील नोंदी आल्या आहेत. रिकामी खाच लांबूनच दिसते.

ही शिस्त कशासाठी, याचे अगदी अलीकडचे उदाहरण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे क्वांटास कंपनीच्या एअरबस ए-३८० विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली. इंजिनाचा आतील भाग फिरविण्यासाठी वापरलेली सव्वा मीटर लांबीची नायलॉनची कांडी इंजिनातच राहिली. हत्यार परत आलेले नाही हे लक्षात येऊनही विमान सेवेत देण्यापूर्वी हरवलेल्या हत्याराची रीतसर शोधप्रक्रिया झाली नाही. १ जानेवारी २०२४ रोजी ती कांडी सापडली, तोपर्यंत त्या विमानाने ३४ उड्डाणे आणि जवळजवळ ३०० तासांचा प्रवास केला होता. कोणास इजा झाली नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून हे सर्व प्रसिद्ध केले. जगातील नामांकित कंपनीत, सुसज्ज हँगरमध्ये हे घडले.

दुसरे उदाहरण जुने असून परवान्याच्या अभ्यासक्रमात मानवी चुकांच्या प्रकरणात ते हमखास शिकविले जाते. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरील काच आकाशात उखडली. मुख्य वैमानिक कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला पायाशी धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरविले. सुदैवाने सर्व वाचले, मुख्य वैमानिकही. ती काच उड्डाणापूर्वी नुकतीच बदललेली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट योग्य मापापेक्षा ०.०२६ इंचाने बारीक होते. काम करणाऱ्याने पुस्तकातील क्रमांक न पाहता जुना बोल्ट समोर धरून नजरेने नवे निवडले होते. माणूस अनुभवी होता. हे ०.०२६ इंच म्हणजे सुताच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. खेड्यातला सुतार हाच फरक बोटांनी ओळखल्याचा अभिमान बाळगतो, आणि म्हणूनच व्हर्नियर यादीत पाहिजे.

या ठिकाणी माध्यमिक शाळेतील विज्ञान शिक्षकांना करता येण्याजोगी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर बहुधा असतो आणि बहुधा कपाटात असतो. गावातील पंप दुरुस्तीच्या दुकानातून वीस-पंचवीस मिश्र बोल्ट आणून, मुलांना प्रत्येकाची जाडी मोजून तो इंचाचा की मिलिमीटरचा हे ओळखावयास लावावे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, एवढे सूत्र पुरे. तासाच्या शेवटी बोल्ट मोजून परत घ्यावेत, आणि एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत वर्ग सोडू नये. खर्च काहीच नाही.

पालकांना पाठविण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी आणखी एक चौकशी अवश्य करावी. अभ्यासक्रम चालविणाऱ्या संस्थेस महासंचालनालयाची कार-१४७ खालील मान्यता आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या वर्गासाठी आहे, हे मान्यताप्राप्त संस्थांच्या अधिकृत यादीत पाहावे. संस्थेच्या माहितीपुस्तिकेवरील विमानाचे चित्र हा पुरावा नव्हे. प्रत्यक्ष विमानावर अनुभव कोठे मिळणार, हेही लेखी विचारावे. २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली, तेव्हा तिच्या विमानांची अभियांत्रिकी कामे करणारी कंपनी त्या विक्रीतून वेगळी ठेवण्यात आली. नागपूरच्या मिहान प्रकल्पातील २०१५ साली सुरू झालेले देखभाल केंद्र तिच्याच कामाशी जोडलेले आहे. तेव्हा केवळ विमान कंपनीचे नाव ऐकून समाधान मानू नये, उमेदवारी देणारी संस्था कोणती हे विचारावे.

पुतण्याने पुढील रविवारी नागदेवी स्ट्रीटवरून हत्यारे आणली. पिशवी वाकोल्यातील त्याच खोलीत उघडण्यात आली. यजमानांनी प्रत्येक गोटी कोऱ्या बोल्टवर चढवून पाहिली. ५/१६ ची गोटी सैल निघाली, ती बदलून आणावयास सांगितली. एक पेचकस पॉझिड्राइव्ह निघाला. काका थोडे ओशाळले, कारण तो त्यांनी निवडला होता. उरलेल्या एकोणतीस नगांवर कोरणीने खूण घालण्याचे काम संध्याकाळपर्यंत चालले, आणि मुलाने वहीच्या पहिल्या पानावर त्यांची यादी लिहून दोन जागा रिकाम्या सोडल्या. दलालाकडून उचल घेण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही.